भिल्ल-कोळी उठाव, नासिक परिसरातील
एकोणिसाव्या शतकात सध्याच्या नासिक जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले–संगमनेर भागात भिल्ल, महादेव कोळी, ठाकूर इ. डोंगरी जमातींनी ब्रिटिश सत्तेस केलेला सशस्त्र प्रतिकार. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यापासून १८५९ मध्ये भागोजी नाईक धारातीर्थी पडेपर्यंत, मधली शांततेची वर्षे वगळता, हा प्रतिकार निरनिराळ्या नेत्यांच्या हाताखाली चालू राहिला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या कागदपत्रांत त्याची नोंद बहुतांशी दरोडे, लूटमार व दंगे या सदरांखाली केली. त्यामुळे या उठावांना राजकीय इतिहासात दीर्घकाळ योग्य स्थान मिळाले नाही. प्रत्यक्षात डोंगर, घाट व गावशिवार यांच्या रखवालीचा जो परंपरागत अधिकार या जमातींकडे होता, तो नव्या राजवटीने काढून घेतला, हे या उठावांचे मूळ कारण होय.

प्रदेश व लोक : नासिक जिल्ह्याची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या मुख्य रांगेने व्यापलेली असून तिच्यापासून पूर्वेकडे सातमाळा व सेलबारी-डोलबारी या रांगा फुटतात. दक्षिण सीमेवर कळसूबाईची रांग आहे. कोकणातून देशावर येणारे थळ घाटासारखे मार्ग, खानदेशाकडे जाणारी चांदवडची खिंड आणि पुणे–नासिक रस्ता हे सर्व या डोंगरांतून किंवा त्यांच्या पायथ्यातून जातात. त्यामुळे या मुलखावर राज्य करणाऱ्या प्रत्येक सत्तेला वाटा सुरक्षित राखण्यासाठी डोंगरातील लोकांची मदत घ्यावी लागली. इगतपुरी, त्र्यंबक व अकोले या भागांत महादेव कोळ्यांची, पेठ व सुरगाणा भागांत कोकणा, वारली व कोळी यांची, तर सातमाळ्याच्या उतारावर आणि सिन्नर, निफाड, नांदगाव, मालेगाव या सपाटीच्या भागांत भिल्लांची वस्ती होती. ठाकूर लोक मुख्यत्वे घाटमाथ्यावर राहत.

महादेव कोळ्यांत नाईकांची घराणी असत. किल्ल्यांवरील शिबंदी, घाटांची राखण आणि मावळातील गावांचा बंदोबस्त ही कामे त्यांच्याकडे होती. जव्हारचे मुकणे घराणे याच जमातीचे होते. भिल्लांकडे अनेक गावांची जागल असे. गावात चोरी झाल्यास माग काढणे व तो लागला नाही तर नुकसान भरून देणे, हे जागल्याचे कर्तव्य असे. त्याबद्दल त्याला धान्याच्या रूपाने हक्क मिळत असे. हे हक्क सरकारने दिलेल्या पगारासारखे नव्हते. गाव व जमात यांच्यातील परस्परावलंबी व्यवहाराचा तो भाग होता. हक्क थकला की नाईक गावाची गुरे वळवून नेई आणि तडजोड झाली की तोच पुन्हा रखवालीस उभा राही.

ही व्यवस्था सर्वस्वी सुखाची होती, असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळात व होळकर–पेशवे यांच्यातील धामधुमीत ती बरीचशी मोडकळीस आली. त्या काळात पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून त्यांची सामुदायिक हत्या केली. तथापि बंड करणाऱ्या नाईकास अखेरीस अधिकारपद देऊन शांत करण्याची रीतही मराठी राज्यात होती. नाना फडणीसांच्या काळात जावजी बांबळे या कोळी नाईकाने बंड करून काही किल्ले घेतले, तेव्हा तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्यास माफी देण्यात आली आणि राजूर भागातील गावांचा बंदोबस्त त्याच्याकडे सोपविण्यात आला. बंड व तडजोड यांचे हे जुने गणित ब्रिटिशांच्या आगमनानंतर बदलले.

१८१८ चे युद्ध : पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे हा सप्टेंबर १८१६ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून निसटला व नासिक–संगमनेरच्या डोंगराळ भागात शिरला. तेथे त्याने कोळी, भिल्ल व रामोशी यांची जमवाजमव सुरू केली. इंग्रजांशी पुढे जे युद्ध झाले, त्याच्या कारणांत या घटनेचाही समावेश होतो. पेशव्याचा पराभव झाल्यानंतर लेफ्टनंट कर्नल मॅकडोवेल याच्या हाताखालील फौज एप्रिल १८१८ मध्ये सातमाळ्यातील किल्ल्यांकडे वळली. अंकाई-टंकाई हे किल्ले न लढता हाती आले. राजधेरवर मात्र प्रतिकार झाला. त्यानंतर त्र्यंबकचा किल्ला वेढा पडल्यावर थोड्याच दिवसांत शरण आला आणि त्याबरोबर आसपासचे सतरा किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले.

सर्वांत कडवा प्रतिकार मालेगावी झाला. नारो शंकर राजेबहाद्दर याने मोसम नदीच्या काठी बांधलेल्या भुईकोट किल्ल्यात अरब शिबंदी होती. अरबस्तानातून येऊन मराठी सरदारांच्या चाकरीत राहिलेल्या या सैनिकांनी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सु. एक महिना किल्ला लढविला. किल्ल्यातील दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन तटाचा काही भाग कोसळल्यावरच त्यांनी शरणागती पतकरली. याच महिन्याच्या अखेरीस त्रिंबकजी डेंगळे चांदवडच्या दक्षिणेस अहेरगाव येथे पकडला गेला व त्याची रवानगी चुनारच्या किल्ल्यात करण्यात आली.

किल्ले जिंकल्यानंतर ते पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत, यासाठी कॅप्टन ब्रिग्ज याच्या देखरेखीखाली अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या, दरवाजे व पाण्याची टाकी सुरुंग लावून उद्ध्वस्त करण्यात आली. आजही या भागातील अनेक किल्ल्यांच्या तुटलेल्या पायऱ्या त्याची साक्ष देतात. या कृतीचा लष्करी हेतू उघड होता. परंतु तिचा सामाजिक परिणाम अधिक दूरगामी ठरला. किल्ल्यांबरोबर शिबंदी गेली आणि शिबंदीबरोबर कोळी व भिल्ल कुटुंबांचे एक हुकमी उपजीविकेचे साधनही नाहीसे झाले.

नवी व्यवस्था : जिंकलेल्या मुलखाचा उत्तर भाग खानदेशात व दक्षिण भाग अहमदनगर जिल्ह्यात घालण्यात आला. स्वतंत्र नासिक जिल्हा १८६९ मध्ये निर्माण झाला. दख्खनचा आयुक्त माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने जुने हक्क शक्यतो चालू ठेवावेत, असे धोरण आखले होते. भिल्लांच्या बाबतीत मात्र आरंभी दंडशक्ती वापरण्यात आली आणि तिने काम भागत नाही, हे दिसून आल्यावर १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या नेतृत्वाखाली खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यात आली. जे लोक काल डोंगरातून लढत होते, त्यांतील काहींना पगार व गणवेश देऊन उरलेल्यांच्या बंदोबस्तास लावणे, हे या योजनेचे सूत्र होते. पुढे कोळ्यांच्या बाबतीतही त्याचाच अवलंब करण्यात आला.

कोळी मुलखात असंतोषाची कारणे हळूहळू साठत गेली. शिबंदी कमी झाली, नाईकांचे मानपान व नेमणुका आटल्या. सरकारसारा रोख रकमेत व ठराविक हप्त्यांनी भरावा लागू लागल्याने, नाचणी-वरईवर जगणारा डोंगरातील शेतकरी सावकाराच्या दारी गेला. दिवाणी न्यायालये सावकाराच्या खतपत्रांना पुरावा मानत. निरक्षर ऋणकोस त्यांतील मजकूर ठाऊक नसे. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले. त्यानंतर दळी म्हणजे डोंगरउतारावरील झाडे तोडून व जाळून केलेली शेती, तसेच लाकूडफाटा व चराई यांवर हळूहळू निर्बंध येऊ लागले.

रामजी व राघोजी भांगरे : कोळ्यांच्या पहिल्या मोठ्या उठावाचे नेतृत्व सु. १८२९–३० मध्ये रामजी भांगरे व रामा किरवा यांनी केले. तो कॅप्टन मॅकिंटॉश याने मोडून काढला. याच अधिकाऱ्याने पुढे महादेव कोळ्यांविषयी एक विस्तृत वृत्तांत लिहिला. त्यात त्यांची कुळे, देवदेवता, चालीरीती व इतिहास यांची तपशीलवार माहिती आहे. ज्यांना जिंकावयाचे त्यांचा अभ्यास करावयाचा, ही त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची पद्धत होती. या जमातीसंबंधीचे बरेचसे लिखित ज्ञान आजही अशाच नोंदींतून मिळते, हे ध्यानात ठेवावे लागते.

रामजीचा पुत्र राघोजी भांगरे (१८०५–४८) हा अकोले तालुक्यातील देवगावचा. त्याने १८४४ च्या सुमारास बंडाचा झेंडा उभारला. त्याचा भाऊ बापू हाही त्याच्या सोबत होता. पुणे, नगर, नासिक व ठाणे या जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात, त्या डोंगराळ पट्ट्यात त्याचा संचार असे. एका जिल्ह्याचे पोलीस मागे लागले की तो दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत जाई. त्याच्या हल्ल्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांवर होता. त्यांच्या वह्या व खते हिसकावून घेतली जात आणि काही सावकारांची नाके कापण्यात आली. ही शिक्षा क्रूर होती यात संशय नाही. तथापि न्यायालयात ज्या कागदापुढे त्यांचे काही चालत नव्हते, तो कागदच नष्ट करावयाचा, असा या हल्ल्यांमागील विचार स्पष्ट दिसतो. गावोगावच्या लोकांनी त्यास आसरा दिला, कारण त्यांची गाऱ्हाणी त्याच्या गाऱ्हाण्यांहून वेगळी नव्हती. अखेरीस जानेवारी १८४८ मध्ये तो पंढरपूर येथे पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आले.

१८५७ : भागोजी नाईक : उत्तर हिंदुस्थानातील उठावाची वार्ता दक्षिणेत पोहोचली, तेव्हा सरकारने सर्वत्र निःशस्त्रीकरणाचे आदेश काढले. ज्या लोकांचे जीवनच रखवालीवर अवलंबून होते, त्यांच्याकडील तलवार, बंदूक व तिरकामठा काढून घेणे म्हणजे त्यांचे नाईकपण काढून घेण्यासारखे होते. या आदेशानेच भागोजी नाईकाच्या उठावास तात्कालिक निमित्त पुरविले.

सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथील भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यास कारावास झाला. सुटकेनंतर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीनही त्याच्याकडून घेण्यात आला. ती मुदत संपल्यावर थोड्याच काळात निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला आणि त्याने गाव सोडले. सु. पन्नास भिल्ल त्याला येऊन मिळाले. पुणे–नासिक रस्ता जेथून नजरेच्या टप्प्यात येतो, अशा गावाजवळच्या टेकडीवर त्याने ठाण मांडले.

ऑक्टोबर १८५७ च्या आरंभी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री हा नांदूर शिंगोट्यास आला. प्रथम मामलेदारांकरवी भागोजीशी बोलणे लावण्यात आले. दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा व उदरनिर्वाहाची काही तजवीज व्हावी, त्याशिवाय आपण शरण येणार नाही, असे उत्तर भागोजीने पाठविले. ही मागणी पाहता त्याचा लढा कोणत्या प्रश्नावर होता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही. जुन्या काळी अशा मागणीतून तडजोड निघाली असती. हेन्रीने मात्र तत्काळ चढाई केली. शिपायांच्या पुढे चालणारा हेन्री भिल्लांच्या गोळीबारात ठार झाला आणि पोलिसांना माघार घ्यावी लागली.

या बातमीने संपूर्ण परिसरातील भिल्ल उठले. राहुरी भागात पाथर्जी नाईकाने माणसे जमविली. त्याच महिन्यात अकोले तालुक्यातील समशेरपूरच्या डोंगरात कर्नल मॅकन याच्या फौजेशी भिल्लांची चकमक झाली व तीत काही ब्रिटिश अधिकारी जखमी झाले. जानेवारी १८५८ मध्ये नांदगावजवळ मांडवडच्या डोंगरावर कॅप्टन माँटगोमेरीच्या तुकडीने भिल्लांवर हल्ला केला. झाडी व खडकांच्या आडून झालेल्या माऱ्यात लेफ्टनंट स्टुअर्ट ठार झाला आणि अनेक सैनिक जखमी झाले. कवाईती फौजेला डोंगरातील लढाई सहजासहजी जिंकता येत नाही, याचा प्रत्यय इंग्रजांना येथे आला.

पेठ व त्र्यंबक : भिल्लांचा उठाव चालू असतानाच डिसेंबर १८५७ मध्ये जिल्ह्याच्या पश्चिम भागात स्वतंत्र उद्रेक झाला. पेठ हे दळवी घराण्याचे लहानसे संस्थान. तेथील शेवटचा राजा १८३७ मध्ये वारल्यानंतर इंग्रजांनी त्याच्या कन्येस, म्हणजे बेगमेस, नेमणूक देऊन कारभार आपल्या हाती घेतला होता. घराण्यातील भगवंतराव ऊर्फ भाऊराजे हा गादीवर हक्क सांगत होता. संस्थानातील कोळ्यांनी हरसूलची बाजारपेठ लुटली, सरकारी दप्तराची नासधूस केली आणि पेठ येथील खजिन्यावर चाल केली. त्याच सुमारास त्र्यंबक येथील खजिन्यावर भिल्ल व ठाकूर यांच्या जमावाने हल्ला केला.

कॅप्टन नटॉल याने फौज आणून दोन्ही ठिकाणचे उठाव मोडले. भगवंतराव व त्याचे अनेक साथीदार फासावर गेले. त्र्यंबकच्या डोंगरात पकडलेल्या एका ठाकुराने, आपण येथील एका ब्राह्मणाच्या सांगण्यावरून उठलो, असे सांगितल्याची नोंद ब्रिटिश वृत्तांतात आहे. गावातील ब्राह्मणांची रांग त्याच्यापुढे उभी करण्यात आली व त्याने ओळखलेल्या जोगळेकर नावाच्या गृहस्थास फाशी देण्यात आले. हा पुरावा आजच्या कसोटीस उतरणारा नाही. तथापि डोंगरातील जमाती, संस्थानाचा दावेदार आणि क्षेत्रातील काही मंडळी यांच्यात संबंध असावा, अशी इंग्रजांची खात्री झालेली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. एरवी ज्यांना ते केवळ लुटारू म्हणत, त्यांच्या मागे राजकीय हेतू असल्याचे त्यांनी येथे अप्रत्यक्षपणे मान्य केले. पेठ संस्थान पुढे १८७८ मध्ये बेगमेच्या मृत्यूनंतर खालसा झाले.

याच काळात उत्तरेस सातपुड्यात काजीसिंग (खाजा) नाईक व भीमा नाईक यांनी भिल्लांचे नेतृत्व केले. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी सेंधवा घाटात सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे झालेल्या लढाईत भिल्लांची मोठी प्राणहानी झाली. सातपुडा व सह्याद्री येथील उठावांची कारणे सारखी असली, तरी त्यांचे नेतृत्व एकसूत्री नव्हते. ही त्यांची मोठी उणीव होती.

कोळी पलटण व उठावाचा शेवट : भिल्लांचा उठाव शमत नाही हे पाहून डिसेंबर १८५७ मध्ये सरकारने महादेव कोळ्यांची एक पलटण उभारण्याचे ठरविले. तिच्या प्रमुखपदी जावजी नाईक बामळे याची नेमणूक झाली. भिल्ल व कोळी एक होऊ नयेत, तसेच कोळ्यांतील धाडसी तरुण बंडात न जाता सरकारी चाकरीत यावेत, असे दोन हेतू त्यामागे होते. कोळी शिपाई डोंगराच्या वाटा जाणणारे, थोड्या शिध्यावर दूरवर मजल मारणारे व काटक होते. जेथे कवाईती फौज अडखळली तेथे ते सहज पोहोचले. या पलटणीचे यश हा ब्रिटिशांचा विजय मानला गेला. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. हत्यार बाळगण्याचा अधिकार, नियमित उपजीविका व नाईकाचा मान या ज्या गोष्टी भागोजी मागत होता, त्याच कोळ्यांना देऊन सरकारने भागोजीचा पराभव केला. कोळी पलटणीची गरज संपताच मार्च १८६१ मध्ये ती बरखास्त करण्यात आली.

भागोजी १८५९ च्या अखेरीपर्यंत हाती लागला नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याच्या टोळीने कोपरगाव भागातील कोऱ्हाळे गावावर धाड घातली. लोकांच्या मालमत्तेची अशी लूट हे या उठावाच्या उत्तरकालाचे लक्षण आहे. रसद व आश्रयस्थाने तुटलेल्या टोळीला जगण्यासाठी दुसरा मार्ग उरला नव्हता. पण त्यामुळे तिच्याविषयीची गावांची सहानुभूती कमी होत गेली असावी. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी अहमदनगरचा पोलीस अधीक्षक फ्रँक सूटर याने सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे उघड्या मैदानावर या टोळीला गाठले. शरण न जाता लढत भागोजी व त्याचे बहुतेक साथीदार ठार झाले. डोंगराचा आधार सुटताच उठावाचाही शेवट झाला. सूटर हा पुढे मुंबईचा पोलीस आयुक्त झाला.

परिणाम : उठाव मोडल्यावर त्याच्या मूळ कारणांचा विचार फारसा झाला नाही. १८७३ ते ७६ या काळात होन्या केंगळे या कोळी नेत्याने सावकारांविरुद्ध पुन्हा मोहीम उघडली. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी व कोळी यांच्या साहाय्याने सशस्त्र उठावाचा प्रयत्न केला. फडक्यांचा उठाव सामान्यतः आधुनिक सशस्त्र क्रांतीचा आरंभ मानला जातो. तथापि त्यांनी वापरलेले मनुष्यबळ व डोंगराचा आश्रय घेण्याची पद्धत यांचा वारसा भांगरे व भागोजी यांच्याकडून आलेला आहे.

सरकारचे उत्तर कायद्यांच्या रूपाने आले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची कल्पना दृढ केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या व तो पुढे १९११ पासून मुंबई इलाख्यातही लागू होऊ शकला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो देशभर रद्द झाला. रखवाली करणारा माणूस गुन्हेगार मानला जाण्यापर्यंतचा हा प्रवास केवळ अर्धशतकाचा आहे. विसाव्या शतकात नासिक शहर क्रांतिकारकांच्या चळवळीचे केंद्र बनले. अभिनव भारत संघटनेची पाळेमुळे येथील मित्रमेळ्यात होती आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे याने जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. या घटनांना इतिहासात मोठी प्रसिद्धी मिळाली. डोंगरातील प्रतिकाराचा धागा मात्र वेगळा राहिला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात कळवण तालुक्यातील चणकापूर परिसरात आदिवासी मोठ्या संख्येने उतरले, तेव्हा तो राष्ट्रीय चळवळीशी जोडला गेला.

मूल्यमापन : या उठावांत संपूर्ण देशाच्या स्वातंत्र्याची सुस्पष्ट कल्पना शोधणे ऐतिहासिक दृष्ट्या योग्य ठरणार नाही. त्यांचे नेते आपल्या मुलखाच्या, जमातीच्या व हक्कांच्या भाषेत बोलत होते. पण परकी सत्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली ती साराहप्ता, खत, वन-निर्बंध व हत्यारबंदी यांच्याच रूपाने. तेव्हा यांना झालेला विरोध हा त्या सत्तेलाच झालेला विरोध होता. केवळ लूट हा हेतू असता, तर दप्तरे व खतपत्रे नष्ट करण्याचे काही कारण नव्हते.

विरोध करणाऱ्यास गुन्हेगार किंवा माथेफिरू ठरविण्याची ही रीत या परिसरापुरती मर्यादित नव्हती. पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार १८८४ ते १८९८ या काळात एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच्या नियंत्रणाखाली चालत असे. तेथे सय्यद मुहम्मद अब्दुल्ला हसन याने १८९९ पासून दरवेशांच्या सैन्यासह सु. वीस वर्षे प्रतिकार केला. त्याच्यावरील मोहिमांत हिंदी पलटणीही पाठविण्यात आल्या होत्या. अखेर १९२० मध्ये विमानांतून बाँबफेक करून त्याचा तळ मोडण्यात आला. ब्रिटिशांनी त्याला ‘वेडा मुल्ला’ म्हटले, तर सोमाली लोकांनी त्याची कवने मुखोद्गत करून त्यास राष्ट्रपुरुष मानले. सोमाली पशुपालक व सह्याद्रीतील नाईक यांची धर्म, भाषा व परिस्थिती अगदी भिन्न होती. दरवेशांच्या चळवळीला जसे धर्माचे व्यापक अधिष्ठान व दीर्घकालीन संघटना लाभली, तशी नासिकच्या उठावांना लाभली नाही. परंतु दोन्हीकडे विजेत्याच्या कागदावर एक नाव व पराभूतांच्या स्मरणात दुसरे नाव, असे द्वंद्व दिसते.

नासिक परिसरातील उठावांचा इतिहास मुख्यत्वे ब्रिटिश लष्करी अहवाल व गॅझेटिअर यांच्या आधारे लिहावा लागतो. त्यांत मृत इंग्रज अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे व जखमा यांची नोंद आहे. पडलेल्या भिल्लांची मात्र बहुधा संख्याच दिलेली आढळते. अकोले व इगतपुरीच्या आदिवासी पाड्यांत राघोजी भांगरे यांची स्मृती आजही आदराने जपली जाते आणि ठाणे येथील कारागृहाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. भागोजी नाईकांची आठवण नांदूर शिंगोटे परिसरात टिकून आहे. त्यांच्याबरोबर मिठसागऱ्याच्या मैदानात पडलेल्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र इतिहासाला अज्ञात आहेत. रखवालीचा अधिकार गेल्यावर शस्त्र उचलणाऱ्या या लोकांचा संघर्ष अयशस्वी झाला. पण जमीन, जंगल व उपजीविका यांवरील हक्काचा जो प्रश्न त्यांनी उपस्थित केला, तो पुढील काळातील आदिवासी चळवळींचाही मध्यवर्ती प्रश्न राहिला. महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यसंग्रामात या उठावांचे महत्त्व त्यामुळेच आहे.